गल्ला वेगळा, गर्दी वेगळी

नवा हिंदी पिक्चर लागला की सोमवारपर्यंत तेच भांडण. एक जण म्हणतो हिंदी सिनेमा संपला, लिहिणारा माणूस राहिला नाही, नुसते रिमेक आन् पार्ट टू काढायलेत. दुसरा लगेच पोस्टर चिकटवतो, ‘५०० कोटी’, आता बोल म्हणतो. आन् पहिला गप बसतो. कामून गप बसतो देव जाणे, कारण त्या ५०० कोटींचा त्याच्या बोलण्याशी काडीचा संबंध नसतो. पैसा किती जमला हे एक, तो किती जणांनी दिला हे दुसरं आन् पिक्चर कसा निघाला हे तिसरंच. पहिल्या दोन्हीचा जो काला करून ठेवलाय लोकांनी, त्याच्यापायी तिसऱ्यावर धड बोलणंच होत नाही.

ग्रॉस, नेट, शेअर तुम्हाला माहीत असंलच, म्हणून भराभर उरकतो. तिकिटाचा जमलेला सगळा पैसा ग्रॉस, जीएसटी गेला की नेट, थेटरवाल्याचा हिस्सा गेला की वितरकाच्या हातात पडतो तो शेअर. बस. फक्त आपल्या हिरोचा वर्ल्डवाइड ग्रॉस आन् दुसऱ्याच्या हिरोचा भारतातला नेट शेजारी ठेवून नाचू नका. असं करणारा एक तर येडा असतो नाहीतर पीआरवाला.

सर्किटचंही, म्हणजे वितरकांनी पाडलेल्या विभागांचंही सांगून टाकतो, कारण आपल्याकडची पोरं ‘मुंबई सर्किट’चे आकडे आपले समजून मिरवतेत. हिंदी पिक्चरच्या धंद्यात मराठवाडा मुंबईत येत नाही, निजाम सर्किटमध्ये येतो. निजामाचं राज्य १९४८ ला गेलं, वितरकांच्या वहीतून काही गेलं नाही. (तेलुगूवाले निजाम म्हणतेत तेव्हा त्यांना तेलंगणा म्हणायचं असतं, ते वेगळं.)

आता जिथं सगळे घसरतेत तिथं येऊ. ‘गदर’ आला २००१ ला, ‘गदर २’ आला २०२३ ला. ट्रेडवाल्यांचा अंदाज असा की पहिल्याचं भारतातलं नेट ७६-७७ कोटी आन् दुसऱ्याचं ५२५ कोटींच्या आसपास. म्हणजे दुसरा सातपट मोठा? थांबा. पहिल्याची तिकिटं विकली गेली सुमारे ५ कोटी, दुसऱ्याची साडेतीन कोटीच्या आतबाहेर. पैसा सातपट झाला आन् तिकिटं दीड कोटीनं कमी. हिशोब करा, पहिल्याला एका तिकिटामागं १५ रुपये यायचे, दुसऱ्याला १५०. आन् मधल्या काळात देशाची लोकसंख्या १०२ कोटींवरून १४० च्या वर गेली हे कोणी धरतच नाही. शंभर माणसांमागं पाच तिकिटं खपायची ती अडीचवर आली, आन् हा म्हणे ऑल टाइम ब्लॉकबस्टर. बरं, हा तरी खरंच गर्दी खेचलेला पिक्चर होता, बाकीच्यांचं तर विचारूच नका.

लातूरच्या आडतीवर सोयाबीन घालणाऱ्या कुणालाही हे समजून सांगावं लागत नाही. उतारा क्विंटलमध्ये मोजतेत, पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, रुपयात येते. भाव दुप्पट झाला आन् माल निम्मा निघाला तर पट्टी तेवढीच येईल, पण म्हणून यंदा पीक चांगलं आलं असं कोणी म्हणतं का? पिक्चरच्या बाबतीत मात्र सगळे पट्टी दाखवून पिकाच्या गप्पा मारतेत.

पूर्वी हे असं नव्हतं. पिक्चर किती आठवडे चालला ते बघायचे, २५ आठवडे झाले की रौप्यमहोत्सव, राजेंद्रकुमारला ज्युबिली कुमार म्हणायचे ते त्याच्यामुळंच. त्या मोजमापातही चलाखी व्हायची, पण निदान खुर्चीवर माणूस बसला की नाही याच्याशी त्याचा संबंध तरी होता. २००८ च्या डिसेंबरात आलेल्या ‘गजनी’नं भारतात १०० कोटींचं नेट ओलांडलं, ‘१०० कोटी क्लब’ निघाला आन् तेव्हापासून सगळे मुनीम झाले.

आन् हा निव्वळ हिशोबाचा घोळ नाही, दर्जा घसरायचं एक मोठं कारण याच्यातच आहे असं माझं ठाम मत. देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स १९९७ ला दिल्लीत साकेतला सुरू झालं. पुढं दहा-पंधरा वर्षांत गणित असं बसलं की, समजा, मुंबईत ३०० चं एक तिकीट खपलं तर परभणीच्या टॉकीजमधली ८० ची जवळपास चार तिकिटं निघाली. मग निर्मात्यानं पिक्चर कोणासाठी काढावा? त्यानं काढलाच नाही आपल्यासाठी. हिरोचं गाव गेलं, गिरणी गेली, कर्ज गेलं, बाप मास्तर किंवा कारकून असायचा तो गेला, घरात स्विमिंग पूल आला आन् माणसं लंडनमध्ये बसून अर्ध्या इंग्रजीत रडायला लागली. आपल्याकडच्या टॉकीजा बंद पडल्या, कुठं मंगल कार्यालय झालं कुठं शॉपिंग कॉम्प्लेक्स, आन् मुंबईत कोणाला कळलंही नाही, कारण तिकडं कोटी वाढतच होते. गल्ल्यानं हे सगळं झाकून ठेवलं.

तुटलेला प्रेक्षक घरी टीव्हीवर डब केलेले तेलुगू-तमिळ पिक्चर बघत बसला, दिवसाला चार लागायचे. म्हणून २०१७ ला ‘बाहुबली २’, २०२२ ला ‘केजीएफ २’ आन् २०२४ च्या डिसेंबरात ‘पुष्पा २’ आला, त्याचं नुसत्या हिंदीचं नेट ८०० कोटींच्या वर गेलं, तेव्हा ही गर्दी कुठून आली म्हणून पंडित लोक चकित झाले. अरे कुठून येईल, इथंच होती की, तुम्ही तिला मोजत नव्हता.

तिकिटाच्या दराचा पुरावा पाहिजे तर २३ सप्टेंबर २०२२ बघा. राष्ट्रीय सिनेमा दिन म्हणून ७५ रुपयांत तिकीट ठेवलं आन् मल्टिप्लेक्सवाल्यांच्या संघटनेनंच सांगितलं की एका दिवसात ६५ लाख लोक आले. आदल्या गुरुवारी पडलेले पिक्चर शुक्रवारी काही सुधारले नव्हते.

आता याचा उलटा अर्थ काढणारेही भेटतेत, गर्दी झाली म्हणजे पिक्चर भारी. ते तर त्याहून वाईट. ‘गदर २’ ला भारी म्हणायची माझी तयारी नाही, अर्धा वेळ नुसता आरडाओरडा आहे आन् जुन्या पिक्चरच्या गाण्यांवर दिवस काढलेत. दुसरीकडं २०२४ ची ‘लापता लेडीज’, थेटरात फार लोक गेले नाहीत, ओटीटीवर आल्यावर घराघरात बघितली, भारतातर्फे ऑस्करला पाठवली. एका रेल्वे प्रवासावर उभी राहिलेली खेड्यातली साधी गोष्ट, असं लिहिणारे अजून आहेत. गर्दीवरून एवढंच कळतं की पिक्चर किती जणांपर्यंत पोचला. चांगला का वाईट हे स्वतः बघूनच ठरवावं लागतं, त्याला शॉर्टकट नाही.

शेवटी एक पळवाट राहिली. हल्ली पहिल्या आठवड्यातच ‘एकावर एक फ्री’ सुरू होतं, काही ठिकाणी अख्खे शो कोणीतरी घाऊक बुक करून टाकतं, म्हणजे तिकिटांचा आकडाही फुगवता येतो. त्यामुळं मी पहिल्या तीन दिवसांचं काहीच धरत नाही, पोस्टर तर अजिबात नाही. दुसऱ्या सोमवारी ऑफर नसताना किती तिकिटं गेली तेवढं सांगा, मग बोलू.