पार्श्वभूमी : मत अधिसभेत, पेन्शन मंत्रालयात

विद्यापीठाच्या कारभारात आपल्याला कुणी विचारत नाही आणि सेवाशर्ती परस्पर बदलल्या जातात, ही महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांची दोन जुनी गाऱ्हाणी. बातम्यांत ती वेगवेगळी येतात. मूळ मात्र एकच आहे : निर्णय वरून होतात.

१ नोव्हेंबर २००५ ही तारीख स्टाफरूममध्ये सगळ्यांना पाठ असते. त्या दिवसापासून रुजू झालेल्यांची जुनी पेन्शन गेली. आधी डीसीपीएस, मग एनपीएस या अंशदानावर चालणाऱ्या पेन्शन योजना आल्या. एकाच विभागात तोच विषय शिकवणाऱ्या दोघांपैकी एकाची पेन्शन ठरलेली राहिली, तर दुसऱ्याची बाजारावर अवलंबून झाली. हा शासन निर्णय निघाला मंत्रालयातून. पगाराचं अनुदान शासनाचं, त्यामुळे विद्यापीठाच्या अधिसभेने (सिनेटने) कितीही ठराव केले तरी त्यांना शिफारशीपलीकडे किंमत नाही.

मग हातात उरतो परीक्षेवरचा बहिष्कार. ‘एमफुक्टो’ या प्राध्यापकांच्या राज्यव्यापी महासंघाने तो ४ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू केला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हवी होती. शिवाय १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेट या पात्रता परीक्षांविना लागलेल्यांच्या सेवेचा प्रश्न होता. उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर १० मे रोजी बहिष्कार मागे घेतला गेला. शासनाने ७१ दिवसांचा पगार रोखून ठेवला आणि तो मिळवण्यासाठी वेगळी लढाई सुरू झाली. निकाल रखडल्याने हाल विद्यार्थ्यांचे झाले, हेही नोंदवायला हवं.

कारभाराच्या बाजूला १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात अधिष्ठाता, म्हणजे विद्याशाखेचे प्रमुख, निवडून येत. २०१६ चा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला, विद्याशाखा चारच उरल्या आणि अधिष्ठाते पूर्णवेळ, नेमलेले झाले. निवडणुकांतली गटबाजी हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं. गटबाजी होतीच, यात वाद नाही. पण नेमणुकांत ती नसते हे कोण मान्य करेल? डिसेंबर २०२१ मध्ये तर उच्च शिक्षण मंत्र्यांनाच प्र-कुलपती, म्हणजे कुलपतींच्या खालोखाल, करणारं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं. ते पुढच्या सरकारने मागे घेतलं.

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला, त्यात शिक्षकही होते. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवणाऱ्यांसाठी मात्र हा सगळा वादच परका. त्यांना पेन्शन नाही आणि अधिसभेच्या शिक्षक मतदारसंघात मतही नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत शिक्षक म्हणजे मान्यताप्राप्त, पूर्णवेळ.