लिनक्स पॅकेजच्या डॉक्युमेंटेशनची मांडणी सुधारायची आहे? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

एका प्रोग्रॅमचं मॅन पेज, म्हणजे टर्मिनलमध्ये वाचायचं माहितीपान, वाचत होतो. एक वाक्य होम डिरेक्टरीतल्या कुठल्याशा फाइलपाशी आलं आणि फाइलचं नाव न सांगताच पुढे निघून गेलं. सोर्स उघडला तर नाव जागच्या जागी होतं, नव्या ओळीच्या अगदी सुरुवातीला. फक्त ते टिंबाने सुरू होणारं होतं. मॅन पेज ज्या रॉफ भाषेत लिहितात, तिच्यात ओळीच्या आरंभीचं टिंब म्हणजे आज्ञा. असल्या नावाची आज्ञा रॉफला माहीत नव्हती, म्हणून त्याने ती अख्खी ओळ गिळली आणि चकार शब्द काढला नाही. उपाय दोन चिन्हांचा: टिंबाआधी उलटी तिरकी रेघ आणि अँपरसँड.

ही दोन चिन्हं बसवायला मला तीन आठवडे लागले, कारण मी पहिल्यांदा चुकीच्या खिडकीवर गेलो आणि दुसऱ्यांदा चुकीची फाइल घेऊन गेलो. तुमचे ते तीन आठवडे वाचावेत म्हणून ही माहिती. मुख्य पद्धत डेबियन या डिस्ट्रोची सांगतो (डिस्ट्रो म्हणजे लिनक्स आणि त्यावरचे प्रोग्रॅम पॅकेजं, म्हणजे गठ्ठे, बांधून देणारा संच). तिथले नियम लेखी आहेत, आणि उबुंटूसारख्या डिस्ट्रो बरीचशी पॅकेजं तिथूनच घेतात, त्यामुळे तिथे झालेली दुरुस्ती आपोआप खाली झिरपते.

पात्रता

कुणीही. शिक्षणाची, वयाची, नोकरीची अट नाही, फी नाही, शेवटची तारीख नाही. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालतं. इंग्रजी मात्र वाचता आणि मोजक्या वाक्यांत लिहिता यायला हवं, कारण पत्रव्यवहार त्याच भाषेत होतो.

गोंधळ होतो तो बदल सुचवणं आणि बदल चढवणं यांत. सुचवायला ईमेल पत्ता पुरतो. पॅकेज स्वतः अर्काइव्हमध्ये (डेबियनच्या पॅकेजांच्या साठ्यात) चढवायचं असेल तर डेबियन डेव्हलपर तरी हवं किंवा डेबियन मेंटेनर तरी. त्यासाठी स्वतःची जीपीजी की (डिजिटल सहीची किल्ली) लागते, आणि तिच्यावर आधीपासून डेव्हलपर असलेल्या माणसाची सही लागते. मांडणीच्या दुरुस्त्यांसाठी या वाटेला जायची काहीच गरज नाही. उलट, दुसऱ्याच्या पॅकेजमध्ये निव्वळ सजावटीचे बदल परस्पर चढवू नयेत, असंच डेबियनचे संकेत सांगतात. परस्पर अपलोडची सोय खऱ्याखुऱ्या बिघाडांसाठी आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या फ्री डॉक्युमेंटेशन परवान्याखाली असलेल्या पुस्तिकांत काही प्रकरणं 'अपरिवर्तनीय' म्हणून जाहीर करता येतात. ती शब्दशः तशीच ठेवावी लागतात. २००६ साली डेबियनने मतदान घेऊन ठरवलं की असे भाग नसतील तरच त्या परवान्याची पुस्तिका मुक्त मानायची. तेव्हा हात लावण्याआधी परवाना बघा.

कागदपत्रं

ओळखपत्र कुणी मागत नाही. नाव आणि चालू ईमेल पत्ता एवढंच. पण बग रिपोर्ट, म्हणजे तुमचा अर्ज, जाहीर असतो, आणि तुमचं नाव-पत्ता त्याच्यासोबत कायमचा जाहीर राहतो. नंतर काढून टाकायची सोय आहे असं समजू नका. नको असेल तर या कामासाठी वेगळा पत्ता आधीच काढून ठेवा.

त्याशिवाय पॅकेजचं नेमकं नाव आणि व्हर्जन लागतं. आज्ञेचं नाव आणि पॅकेजचं नाव एकच असेल असं नाही. डीपीकेजी या पॅकेजं सांभाळणाऱ्या आज्ञेला मोठा एस पर्याय देऊन फाइलचा पूर्ण मार्ग विचारला की ती कुठल्या पॅकेजची ते कळतं. आणि शेवटचं, खरं वजनदार कागदपत्र म्हणजे पॅच: जुनी आणि नवी ओळ शेजारी दाखवणारा युनिफाइड डिफ. 'पान जरा विस्कळीत दिसतं' एवढंच लिहिलेला अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतो. पॅच जोडलेला असेल तर मेंटेनरला (ते पॅकेज सांभाळणाऱ्याला) वाचून होकार द्यायचंच काम उरतं.

अर्ज कुठे करायचा

इथेच बहुतेकांचं चुकतं. पॅकेजमधल्या फाइली दोन घरच्या असतात. मूळ लेखकाने लिहिलेल्या त्या अपस्ट्रीमच्या, आणि पॅकेज बांधणाऱ्याने घातलेल्या त्या डेबियनच्या. सोर्स पॅकेज उतरवून घ्या आणि बघा. 'डेबियन' नावाच्या फोल्डरात असलेली फाइल डेबियनची, बाहेर असलेली मूळ प्रकल्पाची. पॅकेजचं वर्णन, डेबियनचा चेंजलॉग (बदलांची नोंदवही), रीडमी-डॉट-डेबियन ही नेहमीच डेबियनची. मॅन पेज कुठलंही असू शकतं, कारण मूळ लेखकाने लिहिलंच नसेल तर पॅकेज बांधणाराच बरेचदा ते लिहून घालतो.

अपस्ट्रीमची फाइल असेल तर अर्ज अपस्ट्रीमकडे करा. तो बदल डेबियनने आपल्याकडे पॅच म्हणून ठेवला, तर मूळ प्रोग्रॅमचं प्रत्येक नवं व्हर्जन आल्यावर तो पुन्हा बसवून बघावा लागतो. एका स्वल्पविरामासाठी हे ओझं कुणी का वाहावं? अपस्ट्रीम बंदच पडलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा डेबियन पॅच ठेवतं, आणि तुम्ही त्याच्या माथ्यावर डेप-३ या डेबियनच्या ठरलेल्या नमुन्यातली माहिती लिहून दिलीत (वर्णन, लेखक, मूळ प्रकल्पाला कळवलं की नाही) तर मेंटेनर आशीर्वाद देईल.

आता माझी दुसरी चूक. मॅन पेज हाताने लिहिलेलं असेलच असं नाही. हेल्प-टू-मॅन, पॉड-टू-मॅन, पॅनडॉक, स्फिंक्स अशा साधनांनी ते दुसऱ्याच कुठल्या तरी फाइलमधून तयार होतं. तयार झालेली फाइल दुरुस्त करणं म्हणजे आरशातला चेहरा पुसणं. पुढच्या बिल्डला, म्हणजे पॅकेज पुन्हा बांधताना, सगळं पूर्ववत. ओळखायची खूण सोपी आहे. रॉफ फाइलच्या पहिल्या काही ओळी वाचा, ही साधनं बहुधा तिथे शेरा मारून ठेवतात. हेल्प-टू-मॅन तर 'ही फाइल बदलू नका' असंच लिहितं. मी तो शेरा वाचला नव्हता. मेंटेनरने एका ओळीचं उत्तर पाठवलं, तेही सभ्यच होतं.

अर्जाआधीची तपासणी

मॅन पेज असेल तर ग्रॉफला (रॉफ वाचून पान मांडणाऱ्या प्रोग्रॅमला) सगळे इशारे दाखवायला सांगून पान एकदा चालवा. मॅनडॉक या तशाच प्रोग्रॅमचा लिंट (चुका दाखवणारा) पर्यायही चांगला आहे, जरा खवचट असला तरी. पॅकेज बांधून झाल्यावर लिंटियन हा डेबियनचा तपासनीस प्रोग्रॅम चालवा. वर्णनातलं चुकलेलं स्पेलिंग, ओळीच्या शेवटी उरलेली मोकळी जागा, फार लांब ओळ, नावाच्या भागातली बिघडलेली नोंद, हे सगळं तो नावानिशी सांगतो.

नावाच्या भागाला जपा. आज्ञेचं नाव, मग उलटी तिरकी रेघ आणि वजाचं चिन्ह, मग एका ओळीत काम. ही ओळ बिघडली की 'व्हॉटइज' आणि 'अप्रोपोज' या पानं शोधणाऱ्या आज्ञांना ते पान सापडत नाही. आज्ञेच्या पर्यायांतही तेच: नुसतं वजाचं चिन्ह रॉफच्या लेखी शब्द जोडणारी रेघ असते, आणि काही ठिकाणी छापतानाही तशीच छापली जाते. मग वाचणारा पानावरून आज्ञा उचलून टर्मिनलमध्ये चिकटवतो आणि ती चालत नाही. काही डिस्ट्रोंनी हे आपल्या बाजूने सांभाळून घेतलंय, म्हणून तुमच्या पडद्यावर चूक दिसेलच असं नाही.

पॅकेजच्या वर्णनाचे नियम वेगळे, आणि जागेच्या एकेका खुणेवर उभे. पहिली ओळ ८० अक्षरांच्या आत, शेवटी पूर्णविराम नको, सुरुवातीला इंग्रजीतलं 'अ' किंवा 'द' हे उपपद नको. पुढच्या प्रत्येक ओळीआधी एक मोकळी जागा. परिच्छेद तोडायचा तर त्या ओळीत एक मोकळी जागा आणि एक टिंब. एक मोकळी जागा दिलेल्या ओळी सलग परिच्छेद म्हणून जुळवल्या जातात. दोन दिल्या तर ओळ आहे तशी दिसते. फुलीच्या खुणांची छान यादी केलेली असते, पण एकच जागा सोडलेली असते, आणि पडद्यावर सगळे मुद्दे एकमेकांना चिकटून, मधे फुल्या पेरलेला एक गोळा दिसतो. दुरुस्ती म्हणजे प्रत्येक ओळीआधी एक स्पेस जास्त.

अर्ज भरणं

सोपी वाट म्हणजे रिपोर्टबग हे साधन. ते व्हर्जन स्वतः भरतं, आणि आधी त्या पॅकेजचे उघडे बग दाखवतं. ती यादी खरोखर वाचा; तुमचीच तक्रार आधी कुणी केलेली असू शकते. साधन नको असेल तर बग ट्रॅकरच्या पत्त्यावर साधा ईमेल चालतो. मजकुराच्या पहिल्या ओळींत पॅकेज, व्हर्जन, तीव्रता आणि टॅग हे रकाने त्यांच्या ठरलेल्या रोमन नावांनी लिहायचे. तीव्रतेच्या सात पायऱ्या आहेत. मांडणीसाठी 'मायनर' लावा, नाहीतर त्याखालची 'विशलिस्ट'. काही न लिहिल्यास 'नॉर्मल' धरलं जातं. लवकर बघतील म्हणून वरची पायरी लावू नका, ती उतरवली जाते आणि तुमचं नाव लक्षात राहतं. सोबत पॅच असेल तर 'पॅच' हा टॅग विसरू नका. पोच म्हणून बग क्रमांक येतो. पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच क्रमांकाच्या पत्त्यावर.

पॅकेज साल्सावर असेल, म्हणजे सोर्स ठेवायच्या डेबियनच्या गिटलॅब साइटवर, तर खातं काढून मर्ज रिक्वेस्ट (बदल सामावून घ्यायची विनंती) पाठवता येते. पॅकेजच्या कंट्रोल फाइलमध्ये रिपॉझिटरीचा पत्ता असतो.

बदल किती करावा

हा भाग कुठल्याच अर्जात विचारत नाहीत, पण अर्ज मंजूर होणं यावरच ठरतं.

मजकूर आणि मांडणी एकाच कमिटमध्ये (बदलाच्या एका नोंदीत) मिसळू नका. परिच्छेदाच्या ओळी नव्याने जुळवल्या आणि त्यातच एक शब्द बदलला, तर डिफमध्ये अख्खा परिच्छेद लाल-हिरवा होतो आणि तो एक शब्द शोधत बसावं लागतं. लिनक्सच्या मॅन-पेजेस प्रकल्पात म्हणूनच प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करायचा नियम आहे. ब्रायन कर्निघन यांनी हाच सल्ला १९७४ साली दिला होता, तेव्हा डिफ पाहायला गिट हे बदल नोंदवणारं साधन नव्हतं.

त्याहून मोठा खर्च भाषांतराचा. पीओ-फोर-ए हे भाषांतराचं साधन वापरणाऱ्या प्रकल्पांत मूळ इंग्रजी परिच्छेदातलं एक चिन्ह बदललं तरी तो परिच्छेद प्रत्येक भाषेच्या फाइलमध्ये 'फझी' होतो, म्हणजे भाषांतर संशयास्पद ठरून बाजूला पडतं. पॅकेजच्या वर्णनांची भाषांतरं तर मूळ मजकुराच्या एमडी-५ बेरजेवर, म्हणजे मजकुरातून काढलेल्या खुणेच्या आकड्यावर, बांधलेली असतात. तुम्ही एक पूर्णविराम हलवला की जुळणी तुटली. फझी नोंदींसाठी एमएसजीअनटायपॉट नावाचं साधन आहे, ते अशा किरकोळ बदलांनंतर भाषांतरं पुन्हा जोडून देतं. ते चालवून सुधारलेल्या पीओ (भाषांतराच्या) फाइली सोबत पाठवल्यात तर अर्ज उठून दिसतो. पण आधी स्वतःला विचारा की हा बदल वाचणाऱ्याला दिसणार आहे का. गिळलेली ओळ, न सापडणारं पान, चिकटलेली यादी: दिसतात, नक्की पाठवा. सोर्समधल्या टॅबच्या जागी स्पेस: छापलेल्या पानावर काही फरक नसेल तर राहू द्या.

अख्खी फाइल नव्याने मांडायला मेंटेनर तयारच असेल, तर ते कमिट वेगळं ठेवून त्याचा क्रमांक ब्लेममधून (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या गिटच्या आज्ञेतून) वगळायच्या फाइलमध्ये नोंदवा. गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ही सोय आहे.

इतर खिडक्या

लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, डॉक्युमेंटेशन २०१६ पासून, ४.८ या आवृत्तीपासून, री-स्ट्रक्चर्ड टेक्स्ट (साध्या मजकुरात मांडणीच्या खुणा लिहायची पद्धत) आणि स्फिंक्सवर आहे. तिथे पॅच साध्या मजकुराच्या ईमेलने जातो आणि शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ लागते. ती सही नव्हे, हमीपत्र आहे: हा बदल द्यायचा मला हक्क आहे, असं. ही पद्धत २००४ मध्ये सुरू झाली. निनावी पॅच घेत नाहीत. उत्तर आलं नाही तर किमान एक आठवडा थांबून मगच आठवण करा.

जीएनयूच्या काही प्रकल्पांत मोठ्या बदलासाठी कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून द्यावा लागतो. साधारण १५ ओळींच्या आतला बदल त्यातून सुटतो, पण एकाच माणसाचे छोटे बदल साठत गेले की बेरीज धरतात. फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोत आधी खातं काढायचं.

अर्ज केल्यावर

मुदत कुणावर बंधनकारक नाही. मेंटेनर बहुतेक स्वयंसेवक असतात. रिलीजच्या आधी फ्रीझ लागतो, म्हणजे नवे बदल रोखले जातात, तेव्हा मांडणीचे पॅच पाठवून कुणाला भंडावू नका. पाठवलेत तर 'रिलीजनंतर बघितलं तरी चालेल' एवढं लिहा.

मंजूर झालं की चेंजलॉगमध्ये तुमच्या बग क्रमांकासह नोंद होते, आणि पॅकेज चढताच बग आपोआप बंद होऊन तुम्हाला ईमेल येतो. त्याच दिवशी तुमच्या मशिनवर पान सुधारलेलं दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. डेबियनच्या तीन शाखा आहेत: बदल आधी अनस्टेबलमध्ये जातो, काही दिवसांनी टेस्टिंगमध्ये. स्टेबल वापरणाऱ्याला तो पुढच्या रिलीजमध्येच मिळतो, आणि रिलीज साधारण दोन वर्षांनी होतो. बंद झालेला बग २८ दिवसांनी अर्काइव्ह होतो, म्हणजे जुन्या नोंदींत जमा होतो. सुधारलेलं पान पुन्हा तपासून काही राहिलं असेल तर त्या २८ दिवसांतच लिहा, नाहीतर आधी तो अर्काइव्हमधून बाहेर काढायची आज्ञा पाठवावी लागते.