स्टॉर्मी पेट्रेल (ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणी मालिका)

ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कमिशनने (एबीसी) १९६० साली सिडनीहून प्रसारित केलेली बारा भागांची ऐतिहासिक मालिका. न्यू साउथ वेल्स वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्लाय हा तिचा नायक. लेखन रेक्स रिएनिट्स यांचे, दिग्दर्शन कॉलिन डीन यांचे, आणि ब्लायच्या भूमिकेत ब्रायन जेम्स. एबीसीने थेट प्रक्षेपणातून सादर केलेली ही पहिली मालिका होय.

ऑस्ट्रेलियात दूरचित्रवाणी १९५६ मध्ये आली. एबीसीचे सिडनी केंद्र त्या वर्षी ५ नोव्हेंबरला सुरू झाले आणि पहिल्याच रात्री तिथून एक नाटक दाखवले गेले. पण पुढची काही वर्षे देशी नाटक म्हणजे बहुधा एकेकटा प्रयोग, आणि तोही पुष्कळदा ब्रिटिश संहितेवरचा. बाकी पडदा अमेरिकन मालिकांनी व्यापलेला होता. ऑस्ट्रेलियन सिनेटने नेमलेल्या व्हिन्सेंट समितीच्या १९६३च्या अहवालानुसार तोवर दाखवलेल्या नाट्यकार्यक्रमांपैकी ९७ टक्के अमेरिकेतून आलेले होते. आपल्याच मातीतली गोष्ट आठवड्यामागून आठवडे सांगायची, हे अशा दिवसांत मोठे धाडस होते.

विषय मात्र अचूक निवडला होता. ‘बाउंटी’ जहाजावरच्या १७८९च्या बंडामुळे ब्लाय जगाला ठाऊक होता, तोही हॉलिवूडने रंगवलेला क्रूर कप्तान म्हणून. सिडनीतला ब्लाय त्याहून गुंतागुंतीचा आहे. १८०६ मध्ये तो गव्हर्नर म्हणून आला तेव्हा वसाहतीत रम हेच चलन होऊन बसले होते. त्यात बंगालहून आलेली रमही असे. या व्यापारावर लष्करी अधिकाऱ्यांची पकड होती. ब्लायने रमच्या मोबदल्यात होणाऱ्या देवघेवीवर बंदी घातली आणि जमीनदार जॉन मॅकार्थरशी वैर ओढवून घेतले. २६ जानेवारी १८०८ रोजी मेजर जॉर्ज जॉन्स्टन सैन्य घेऊन गव्हर्नरच्या निवासावर चालून गेला. ब्लायची नुकतीच विधवा झालेली मुलगी मेरी पटलंड हातातली छत्री उगारून फाटकात सैनिकांना आडवी गेली. तरीही ब्लायला अटक झाली. इतके तयार नाट्य इतिहासात क्वचितच सापडते. रिएनिट्स यांनी ही कथा आधी रेडिओसाठी लिहिली होती.

अर्ध्या तासाचा प्रत्येक भाग गोर हिल येथील स्टुडिओतून थेट सादर होई. थेट प्रक्षेपणात चुकलेले वाक्य पुन्हा घेता येत नाही. एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात जाताना कलाकारांना कॅमेऱ्यांच्या मागून, केबली ओलांडत पुढच्या सेटवर पोहोचावे लागते. कित्येक नटांची तालीम रेडिओनाट्यात झालेली होती. आवाजावर त्यांची हुकमत होती, पण तिथे संहिता हातात असायची, इथे सगळे पाठ हवे. सिडनी आणि मेलबर्न यांना जोडणारी, दूरचित्रवाणीचे चित्र वाहून नेणारी कोॲक्सियल केबल १९६२ मध्ये आली. त्यामुळे तोवर पडद्यावरचे चित्र फिल्मवर टिपून ती फिल्म दुसऱ्या शहरी पाठवत. मेलबर्नकरांनी ही मालिका अशीच, मागाहून पाहिली.

प्रेक्षकांनी तिला भरभरून दाद दिली. एबीसीने पुढची तीन वर्षे त्याच वाटेने दरवर्षी एक मालिका काढली, हा त्या यशाचा सर्वांत भक्कम पुरावा. ‘द आउटकास्ट्स’ (१९६१) माफी मिळून मोकळा झालेला कैदी शल्यवैद्य विल्यम रेडफर्न याच्यावर, ‘द पेट्रिअट्स’ (१९६२) वसाहतीतला राजकारणी विल्यम वेंटवर्थ याच्यावर, तर ‘द हंग्री वन्स’ (१९६३) उघड्या होडीतून तिमोरपर्यंत पळालेल्या मेरी ब्रायंट या बंदिनीवर होती. ब्रिटनने वसाहतीत धाडलेल्या कैद्यांचा वारसा हा तेव्हा अनेक घरांत न बोलण्याचा विषय होता. तो दिवाणखान्यातल्या पडद्यावर आणणे, हे या चौकडीचे खरे योगदान मानले पाहिजे.

१९६४ मध्ये व्यापारी वाहिनीवर ‘होमिसाइड’ ही मेलबर्नच्या पोलिसांवरची मालिका सुरू झाली आणि देशी नाट्याचा भर इतिहासाकडून आजच्या रस्त्यांकडे वळला.