बाहुली कुठल्या गावची?

अमेरिकेत १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषेच्या देशांत मूळ असलेल्या लोकांचा, वारसा महिना. १९६८ साली ठरला तेव्हा तो आठवडाच होता. १९८८ च्या कायद्याने महिना झाला. सुरुवात अशी अधल्यामधल्या तारखेला, कारण १५ सप्टेंबर हा ग्वातेमालापासून कोस्टा रिकापर्यंत मध्य अमेरिकेतल्या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन. मेक्सिकोचा लगेच दुसऱ्या दिवशी.

‘हिस्पॅनिक’ हा एक शब्द वीसेक देशांना कवेत घेतो. बाहुलीला मात्र चेहरा एकच आणि पोशाखही एकच. भांडणं तिथूनच सुरू होतात.

१९८० साली मॅटेल कंपनीने हिस्पॅनिक बार्बी काढली. पांढरा ब्लाऊज, लाल झालरीचा घागरा, काळी जाळीदार शाल. मुलगी कुठली, मेक्सिकोची की क्युबाची? खोक्यावर नुसतंच ‘हिस्पॅनिक’. नऊवारी नेसवून डोक्यावर राजस्थानी पगडी ठेवायची आणि ‘भारतीय बाहुली’ म्हणून विकायची, त्यातलाच प्रकार.

१९९७ साली दोन बाहुल्या आल्या. पोर्तो रिको या कॅरिबियन बेटाची बार्बी बेटावरच्या लोकांना आवडली, पण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहणारे पोर्तो रिकन चिडले: रंग एवढा उजळ, केस एवढे सरळ कसे? घर सोडून गेलेल्यालाच आरशाची पारख जास्त असते की काय, कोण जाणे. दुसरी, अमेरिकन गर्ल मालिकेतली होसेफिना मोन्तोया. हिला गाव होतं, सालही होतं: न्यू मेक्सिकोतल्या सांता फेजवळचं शेतघर, १८२४. गंमत म्हणजे आज अमेरिकेचं राज्य असलेलं न्यू मेक्सिको तेव्हा मेक्सिकोत होतं, म्हणजे ही ‘अमेरिकन मुलगी’ मुळात मेक्सिकोची. सीमा माणसांवरून सरकली हे तिच्या गोष्टीतून मुलांना आपसूक कळतं. मला या सगळ्यांत तीच जास्त खरी वाटते.

२०१८ साली चित्रकार फ्रिदा काहलोची बार्बी आली. जुळलेल्या भुवया ही फ्रिदाची ओळख. बाहुलीच्या भुवया मात्र कोरून घेतल्यासारख्या. घरच्यांपैकी काहींनी हरकत घेतली आणि मेक्सिकोतल्या न्यायालयाने तिथली विक्री तात्पुरती थांबवली.

त्याच वर्षी मेक्सिकोच्या केरेतारो राज्याने एका चिंधीच्या बाहुलीला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तिचं नाव लेले. ओतोमी या मेक्सिकोतल्या आदिवासी समाजाच्या भाषेत याचा अर्थ ‘बाळ’. आमेआल्को गावच्या ओतोमी बायका ती हाताने शिवतात: कापडाचं अंग, दोन वेण्या, डोक्यावर रंगीत फितींचा मुकुट. पोटापाण्यासाठी मेक्सिको सिटीत आलेल्या बायकांनी ती तिथल्या रस्त्यांवर मांडून विकली आणि पर्यटकांच्या पिशव्यांतून ती जगभर गेली. अंगावरचे कपडे तिला शिवणाऱ्या बाईच्याच कपड्यांसारखे असतात.