दारू उतरणं वेगळं, यकृत वाचणं वेगळं

मक्याच्या पेप्टाइडच्या (प्रथिनाच्या बारीक तुकड्यांच्या) पुड्यांवर दोन दावे हमखास शेजारी छापलेले असतात: ‘दारू लवकर उतरते’ आणि ‘यकृत सुरक्षित राहतं’. लोक ते एकच समजतात. तसं नाही.

आधी किरकोळ गोष्टी. यकृतासाठीच विकली जाणारी सिलिमारिन (एका काटेरी झाडातलं द्रव्य) किंवा कुटकी या वनस्पतीतलं पिक्रोसाइड ही पेप्टाइड नव्हेत, त्यांची रसायनंच वेगळी. आणि मक्याची भाकरी खाऊन पुडीचं काम होत नाही. मक्यातलं झेइन हे प्रथिन पाण्यात विरघळत नाही. कारखान्यात विकरांनी (एन्झाइमांनी) त्याचे बारीक तुकडे करतात, बहुतेक १००० डाल्टनच्या (रेणूचं वजन मोजायचं एकक) आतले. चीनने २०१० मध्ये ही भुकटी खाद्यपदार्थ म्हणून मंजूर केली, औषध म्हणून नव्हे.

आता खरा घोळ. यकृतात दारूचं आधी असिटाल्डिहाइड होतं, मग असिटेट. दोन्ही पायऱ्यांना एनएडी (विकरांना मदत करणारा पेशीतला रेणू) लागतं आणि ते कमी पडलं की गाडी अडते. मक्याच्या पेप्टाइडमध्ये अलानीन हे अमिनो आम्ल भरपूर. त्यापासून पायरुवेट होतं, पायरुवेटचं लॅक्टेट होताना एनएडी मोकळं होतं. ‘उतरण्या’चा दावा एवढ्यावर उभा आहे. पण पहिली पायरी धावली आणि दुसरी मागे राहिली, तर असिटाल्डिहाइड साचतं, आणि ते दारूपेक्षा जास्त विषारी. शिवाय पिण्याआधी काहीही पोटात गेलं की दारू हळू शोषली जाते, रक्तातलं शिखर खाली येतं. ते पाहून पेप्टाइडने दारू ‘जाळली’ म्हणणं ही शुद्ध फेकाफेक. ६० मिलीच्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निपटतं.

यकृताचं नुकसान मात्र वर्षानुवर्षं साचतं: चरबी, सूज, मग व्रण. रोज पिणाऱ्यात सीवायपी२ई१ हे विकर वाढतं आणि पेशी जाळणारे ऑक्सिजनचे कण तयार करतं. पेप्टाइडने हे थोपतं का, याचा पुरावा मुख्यतः उंदरांचा. तिथे एसजीपीटी, एसजीओटी (यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारी विकरं) उतरलेले दिसतात, पण म्हणून माणसाचा सिरॉसिस (व्रणांनी यकृत कडक होणं) टळतो असं ठरत नाही. सिरॉसिसमध्येही एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतं. त्यामुळे ‘रिपोर्ट चांगला आला’ म्हणून पुडीला शाबासकी देऊ नका. दारूच्या यकृतदाहात बहुधा एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असतं; डॉक्टर ते प्रमाण पाहतात, जोडीला जीजीटी हे आणखी एक विकर आणि गरज पडली तर फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी).

‘लिव्हर डिटॉक्स’ लिहिलेली पुडी तर मुळीच घेऊ नये. पिणं पूर्ण थांबवलं तर यकृतातली निव्वळ चरबी काही आठवड्यांत उतरते. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र डॉक्टरला विचारूनच सोडावी, एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते. आणि सकाळी डोकं दुखतं म्हणून पॅरासिटामॉल वारंवार घेऊ नये: तेच सीवायपी२ई१ त्यातूनही विष बनवतं.