‘आय कॅन एबल टू’ कुठून आलं?

नाशिकला गेली बरीच वर्षं मी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून फर्स्ट शिफ्ट सुटली की मुलं येतात, नर्सिंगच्या मुली येतात, पिंपळगाव बसवंतकडच्या द्राक्षाच्या पॅकहाउसमधले एक-दोघं असतात. बॅचमागून बॅच जाते, पण एक वाक्य दर वेळी भेटतंच. मागे एक सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा, ऑपरेटर मुलाखतीसाठी कागद लिहून घेऊन आला. पहिलीच ओळ होती, ‘आय कॅन एबल टू ऑपरेट सीएनसी मशीन.’ ‘एबल’च्या खाली त्याने पट्टी लावून रेघ मारली होती. तो शब्द वजनदार आहे, साहेबांच्या नजरेत भरेल, म्हणून.

‘कॅन’ आणि ‘एबल टू’ एकत्र घालायची ही चूक आळशी मुलाची नाही, मेहनती मुलाची आहे. तिच्यामागे दोन इतिहास आहेत, एक इंग्लंडचा आणि एक आपल्या शाळांचा.

आपला आधी सांगते. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 साली निघाला. तेव्हापासून इंग्रजी शिकायची आपली रीत शब्दापुढे शब्द ठेवायची. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून होती, पुढे पाचवीपासून झाली आणि 2000 सालापासून पहिलीपासून आली. इयत्ता खाली सरकत गेली, रीत तीच राहिली. वहीच्या डावीकडे ‘कॅन’, उजवीकडे ‘शकणे’. डावीकडे ‘एबल’, उजवीकडे ‘समर्थ’. अशी पाठ केलेली वही डोक्यात घेऊन ‘मी मशीन चालवू शकतो’ याचं इंग्रजी करायला बसलेल्या मुलाला दोन्ही शब्द हवेसे वाटतात, आणि तो दोन्ही घालतो.

‘कॅन म्हणजे शकणे’ हे समीकरण खोटं नाही, पण अर्धंच आहे. ‘शकणे’ हे संस्कृत ‘शक्’ धातूचं. शक्ती, शक्य ही त्याचीच भावंडं, म्हणजे मूळ अर्थ बळाचा. ‘कॅन’ मात्र बळाचा शब्द नव्हताच. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘कुन्नन’ असं क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ होता जाणणे, ठाऊक असणे. ‘कॅन’ हे त्याचंच आजचं रूप. धूर्त या अर्थाने आपण वापरतो तो ‘कनिंग’ही त्यातूनच निघाला आणि आधी त्याचा अर्थ जाणता, कसबी असा चांगला होता. ‘अनकूथ’ही त्यातलाच, म्हणजे मुळात ‘अनोळखी’. जो ओळखीचा नाही तो पुढे लोकांच्या लेखी गावंढळ ठरला.

याच्याही मागे गेलं की आपलंच घर लागतं. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच मुळाच्या भाषा असाव्यात, हे विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या व्याख्यानात मांडलं. पुढच्या अभ्यासकांनी ध्वनिबदलाचे नियम शोधले, त्यांत मूळचा ‘ग’ इंग्रजीच्या कुळात ‘क’ होतो हा एक. या शब्दांत तोच ‘ग’ आपल्याकडे ‘ज’ झाला. म्हणून आपला ‘जानु’ म्हणजे गुडघा, तो तिकडे ‘नी’, स्पेलिंगच्या सुरुवातीला मुका ‘के’ असलेला. तसंच ‘ज्ञा’ धातूचं तिकडे ‘नो’ म्हणजे जाणणे झालं, त्यातही तो मुका ‘के’ आहेच. ‘कॅन’ याच ‘नो’चा सख्खा भाऊ. ज्ञान, जाणणे, जाणता आणि ‘कॅन’ हे सगळे एका धातूचे. फळ्यावर हे चारही शब्द एका ओळीत लिहिले की वर्ग शांत होतो. परकी म्हणून जिची धास्ती घेतली, ती भाषा नात्यातली निघते.

‘ही कॅन’ला ‘एस’ का लागत नाही, हा पाचवीपासूनचा छळही इथेच सुटतो. ‘कॅन’ हे रूप मुळात भूतकाळी. ‘मला कळून चुकलं, म्हणून आता ठाऊक आहे’ असा त्याचा प्रवास. मराठीत आपण रोज हेच करतो. कुणी पत्ता सांगितला की आपण ‘कळलं’ म्हणतो. रूप भूतकाळाचं, गोष्ट आत्ताची. इंग्रजीत वर्तमानकाळाचा ‘एस’ भूतकाळाच्या रूपाला लागत नाही, म्हणून ‘कॅन’लाही लागला नाही.

मग बळासाठी इंग्रजीत शब्द कोणता होता? तो होता ‘मे’. ‘माइट’ म्हणजे सामर्थ्य, हे नाम आजही त्याची खूण सांगतं. जुन्या इंग्रजीत अंगात जोर आहे म्हणून जमणाऱ्या गोष्टीला ‘मे’चं पूर्वरूप यायचं आणि शिकल्यामुळे जमणाऱ्या गोष्टीला ‘कॅन’चं. हळूहळू ‘कॅन’ने बळाचीही जागा घेतली आणि ‘मे’ शक्यता व परवानगीकडे सरकला. मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाने दारात उभं राहून म्हटलेलं ‘मे आय कम इन सर’ हे त्या सरकलेल्या ‘मे’चंच वाक्य.

‘कुड’मधला ‘एल’ मात्र निव्वळ देखादेखीचा. ‘वुड’ आणि ‘शुड’मध्ये तो हक्काने आहे, कारण ते ‘विल’ आणि ‘शॅल’चे भूतकाळ. ‘कॅन’मध्ये ‘एल’ नाहीच. पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास शेजारच्या दोघांचं पाहून ‘कुड’नेही तो लावून घेतला.

‘एबल’ची गोष्ट वेगळी. ‘कॅन’ला ‘टू’ लावता येत नाही, आणि ‘विल’च्या पुढेही तो आज उभा राहत नाही. ‘उद्या येऊ शकेन’ म्हणायला इंग्रजीला दुसरा शब्द लागला. 1066 नंतर नॉर्मन राजवटीत फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, त्याच वाटेने पुढे चौदाव्या शतकात ‘एबल’ इंग्रजीत रुळला. त्याचं मूळ लॅटिन ‘हाबिलिस’, म्हणजे हातात नीट धरता येण्याजोगा. म्हणजे ‘एबल’ आला तो ‘कॅन’ जिथे पोचत नाही तिथे उभं राहायला. ‘आय कॅन’ म्हणा किंवा ‘आय अॅम एबल टू’ म्हणा. एका खुर्चीवर दोघं बसत नाहीत.

तिसरा शब्द ‘मॅनेज’. हा सोळाव्या शतकात इटालियनमधून आला. मुळात घोडा हाताळणे, त्याला चालीवर आणणे असा अर्थ, आणि त्याच्याही पोटात लॅटिनचा ‘मानुस’ म्हणजे हात. आपलं ‘हाताळणे’ही हातावरूनच आलं. म्हणून ‘आय मॅनेज्ड टू’ला खटपटीचा वास आहे. सहज झालं नाही, पण जमवलं.

इथे माझी मुलं सगळ्यात जास्त अडखळतात. ‘काल पंप बिघडला होता, पण मी तो दुरुस्त करू शकलो’ याचं ते ‘आय कुड रिपेअर द पंप’ करतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हा करू शकला असता, केला की नाही कोण जाणे. ‘कुड’ भूतकाळातल्या कायमच्या कौशल्याला चालतो : लहानपणी मला गोदावरीत पोहता यायचं, ‘आय कुड स्विम’. एका वेळी घडलेल्या यशाला ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’च हवं. नकारात मात्र हा भेद गळून पडतो, ‘कुडन्ट’ दोन्हीकडे चालतं. दिसणं, ऐकू येणं, आठवणं यांनाही सूट आहे, तिथे एका वेळेपुरताही ‘कुड’ चालतो.

हे बारकावे मराठी माणसाला अवघड जावेत याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण आपल्याकडे ते आधीपासून आहेत. ‘मला पोहता येतं’ म्हणजे शिकलोय, अंगात आहे. हा अगदी मूळचा ‘कॅन’. ‘उद्या पोहू शकतो’ म्हणजे वेळ आहे, अडचण नाही. ‘पैलतीर गाठायचं जमलं’ म्हणजे ‘मॅनेज्ड टू’. ‘मला झेपणार नाही’मध्ये आवाका आला, ‘परवडत नाही’मध्ये खिसा आला. आणि ‘बघवत नाही’, ‘चालवत नाही’ या ‘व’च्या रूपांना तर इंग्रजीत एक शब्दच नाही. ‘बघवत नाही’साठी ‘आय कान्ट बेअर टू वॉच’ एवढं लांब जावं लागतं. फोनवर आपण ‘ऐकू येतंय का?’ म्हणतो, इंग्रज ‘कॅन यू हिअर मी’ म्हणतो. दोन्हीकडे ऐकण्याला जोड लागते, इकडे ‘येणं’, तिकडे ‘कॅन’. वहीत मात्र ‘कॅन’पुढे ‘येणे’ कधी लिहिलं गेलं नाही. त्यामुळे ‘मला इंग्रजी येत नाही’चं ‘इंग्लिश इज नॉट कमिंग टू मी’ होतं.

उच्चाराचंही एक आहे. होकारात ‘कॅन’वर जोर पडत नाही, तो ‘कन’ असा घाईत उच्चारला जातो आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो. नकारात जोर ‘कान्ट’वर असतो, आणि शेवटचा ‘ट’ पुष्कळदा गिळला जातो. पॅकहाउसमधला एक जण नेदरलँड्सच्या खरेदीदाराला फोनवर ठासून ‘वी कॅन लोड टुमॉरो’ म्हणाला. समोरच्याने ऐकलं, उद्या जमणार नाही. आता तो ‘येस’ आधी म्हणतो, मग वाक्य. डच भाषेतही ‘कॅन’साठी ‘कान’ असाच शब्द आहे, हे कळल्यावर त्याला फार नवल वाटलं.

त्या ऑपरेटरचा कागद आम्ही इंग्रजीत सुधारलाच नाही. मी त्याला मराठीत विचारलं, “तुला काय काय येतं?” तो धडाधड सांगू लागला. जॉब सेट करता येतो, टूल ऑफसेट घेता येतो, मायक्रोमीटर बघता येतो. प्रोग्रॅम थोडा बदलता येतो, नवा लिहिता येत नाही. मागच्या महिन्यात रात्रपाळीला स्पिंडलचा अलार्म आला होता, फोरमन नव्हता, तरी जमवलं. पहिल्या चार गोष्टींपुढे त्याने स्वतःच ‘आय कॅन’ लिहिलं, पाचवीपुढे ‘आय कान्ट’. अलार्मपाशी थोडा थांबला, ‘कुड’चा पहिला ‘सी’ लिहून खोडला आणि ‘आय मॅनेज्ड टू’ लिहिलं.