बैठकांनी गुडघा दुखतो, मग पर्याय काय?

येळ्ळूर, कंग्राळी, कडोली, तिकडं खानापूरपर्यंत, बेळगाव भागातल्या तालमींत पोराची मेहनत जोर-बैठकांनी सुरू होते. वस्तादांनी सांगितलेला आकडा पुरा करायचा, हा रिवाज. त्यानं शिस्त लागते, दमही वाढतो. पण एखाद्याचा गुडघा दुखायला लागला की त्याच्यापुढं दोनच वाटा उरतात: दुखणं गिळून बैठका मारायच्या, नाहीतर तालमीला दांडी. तिसरी वाट वस्तादांच्या कार्यक्रमातच आधीपासून लिहिलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

पर्याय निवडताना पहिला प्रश्न विचारायचा: हा व्यायाम आपण कशासाठी देतो? बैठक मांड्यांसाठी आणि दमासाठी असते. तिच्यात टाचा उचलल्या जातात, गुडघे पायाच्या बोटांच्या बरेच पुढं जातात, म्हणून गुडघ्यावर ताण जास्त येतो. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात खांद्यावर वजन घेऊन बसणाऱ्यांच्या गुडघ्यांपुढं फळी उभी केली, म्हणजे गुडघे पुढं सरकेनात. गुडघ्यावरचं वाकवणारं बल (टॉर्क) सुमारे 22 टक्क्यांनी घटलं, पण खुब्यावरचं जवळपास दहा पटीनं वाढलं. भार नाहीसा झाला नाही, त्यानं जागा बदलली. म्हणून गुडघा दुखणाऱ्या पोराला टाचा टेकवून, मागच्या कट्ट्यावर बूड टेकेपर्यंत बसायला सांगणं योग्य. ज्याची कंबर धरली आहे त्याला मात्र हाच पर्याय घातक ठरू शकतो. त्याला पायरीवर एकेका पायानं चढ-उतार द्यावी, वजन न घेता.

जोरांचंही असंच. साध्या सरळ दंडात (पुश-अपमध्ये) शरीराच्या वजनाचा सुमारे 64 टक्के भार हातांवर येतो. सत्तर किलोच्या पोराला तो 45 किलोच्या आसपास पडतो. गुडघे टेकले तर सुमारे 49 टक्के, हात दोन फूट उंच कट्ट्यावर ठेवले तर 41 टक्के. नवख्या मुलीला किंवा मनगट दुखावलेल्या पोराला अशी पायरी देता येते, आणि व्यायामाची जात तीच राहते. भार कमी झाला म्हणून फायदा संपत नाही. हलक्या भारानंही पार थकेपर्यंत मेहनत केली तर स्नायू जवळपास तितकेच भरतात, हे आता बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. निव्वळ ताकद वाढवायची असेल तर मात्र जड भारच लागतो.

खांदा दुखतोय म्हणून दोर चढता येत नाही? वाळूनं भरलेल्या दोन बादल्या घेऊन चालायचं. पकड आणि कंबर दोन्ही कामाला लागतात. खानापूरच्या पावसात पळायला रस्ता नसेल, तर दोरीच्या उड्या किंवा जिन्याची चढ-उतार. पळण्याऐवजी सायकल मारली तर हृदय-फुप्फुसांची कमाई बरीचशी टिकते, पण पाय जमिनीवर आपटण्याची हाडांना आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांना लागणारी सवय सुटते. धावणाऱ्यानं ती पुन्हा हळूहळूच लावून घ्यावी.

पर्याय द्यायचं आणखी एक कारण मनाचं आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1980च्या दशकात मांडलं, की आपल्या कामात आपलाही निर्णय आहे असं वाटलं की माणूस ते टिकवतो. नुसती निवड दिली की कौशल्यही लवकर येतं, असा दावा पुढं काहींनी केला, पण तो नंतरच्या तपासणीत डळमळला. माझं मत असं, की निवड द्यावी, पण दोन-तीन पर्यायांतलीच, आणि ती पोरानं मनासारखं रोज बदलायची नाही. रोज नवा व्यायाम केला तर भार वाढतोय की नाही, हेच मोजता येत नाही.

लढतीला पर्याय नाही. डाव अंगात भिनतो तो समोर माणूस असतानाच. हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, खणून खांदे कितीही भरले तरी ढाक हा डाव मारायची वेळ कळत नाही.

वस्तादांनी वहीत प्रत्येक व्यायामापुढं हेतू, पर्याय आणि किती करायचं ते लिहावं. गुडघा सुजला किंवा अडकू लागला तर पर्याय न शोधता डॉक्टर गाठावेत. नुसतं दुखणं असेल, तर ते शमल्यावर बैठका पुन्हा सुरू कराव्यात. पहिल्या आठवड्यात निम्म्याच माराव्यात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा काय म्हणतो ते पाहून पुढचा आकडा ठरवावा.